हवा आधी, पेट्रोल मग

उज्जैनच्या विक्रम व्यापार मेळ्यात २०२४ पासून नव्या गाडीच्या करात ५० टक्के सूट मिळू लागली, आणि माळव्यातले लोक गाडी घ्यायला उज्जैनला येऊ लागले. जुनी गाडी सांभाळणाऱ्याच्या वाट्याला मात्र उलटा हिशेब आला. २० वर्षांपलीकडच्या खासगी मोटारीच्या फेरनोंदणीचं शुल्क ऑगस्ट २०२५ मध्ये ५,००० वरून १०,००० रुपयांवर गेलं. तरीही मारुतीची नव्वदीतली एस्टीम, कार्बोरेटरवाली जिप्सी किंवा पहिली झेन न विकणारे लोक आहेत. त्या काळी या गाड्या ‘पळणाऱ्या’ म्हणून ओळखल्या जात आणि त्यांच्या मालकांना त्या अजून पळवायच्या असतात. त्यांचा नेहमीचा प्रश्न असा असतो: कार्बोरेटर काढून इंजेक्शन बसवलं, मॅनिफोल्ड बदलला, तर गाडीला किती दम येईल? माझ्या मते प्रश्नाचा रोखच चुकतो. इंजेक्शन दम देत नाही, ते मोजून देतं. दम येतो हवेतून, आणि हवेचा रस्ता म्हणजे इनटेक मॅनिफोल्ड. या दोन गोष्टींचा निर्णय वेगवेगळा घेतला की पैसे जातात आणि गाडी होती तिथेच राहते.

एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. पेट्रोल द्रव आहे, पंपाने हवं तेवढं आत ढकलता येतं. हवा मात्र साध्या इंजिनला स्वतःच ओढून घ्यावी लागते. पिस्टन खाली जातो, पोकळी होते आणि वातावरणाचा दाब हवा आत लोटतो. तिच्या वाटेत फिल्टर, थ्रॉटल, मॅनिफोल्डची नळी, हेडमधला पोर्ट आणि व्हॉल्व्ह आहे. यातली सर्वांत अरुंद जागा ठरवते की इंजिन किती ताकद देणार. म्हणजे जास्त पेट्रोल टाकून काही साधत नाही. हवा तेवढीच असेल तर जादा पेट्रोल अर्धवट जळतं, प्लग काळे पडतात आणि सायलेन्सरमधून कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतो.

पुरावा आपल्याच रस्त्यांवर आहे. एप्रिल १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजधानी परिसरात नोंदवल्या जाणाऱ्या खासगी मोटारींना जून १९९९ पासून युरो-१ आणि एप्रिल २००० पासून युरो-२ च्या तोडीचं प्रदूषण-मानक लावलं. एरवी ज्याला बरीच वर्षं लागली असती, ते काम कंपन्यांनी काही महिन्यांत उरकलं आणि मारुतीच्या बहुतेक पेट्रोल गाड्या एमपीएफआय, म्हणजे दर सिलिंडरला वेगळ्या इंजेक्टरच्या, झाल्या. एस्टीमचं १,२९८ सीसी इंजिन ६५ बीएचपीवरून ८५ वर गेलं. जिप्सी ६० च्या आसपास होती, ती ८० वर गेली. या आकड्यांवरूनच ‘इंजेक्शनने वीस घोडे वाढतात’ असा समज गॅरेजागॅरेजात रुजला. पण त्याच वेळी दोन्ही गाड्यांचं हेड बदललं होतं. आठ व्हॉल्व्हच्या जागी सोळा आले, हवेची दारं दुप्पट झाली. मारुती ८०० ची गोष्ट आणखी बोलकी आहे. सहा व्हॉल्व्हच्या साध्या ८०० मध्ये इंजेक्शन आलं तरी ताकद ३७ बीएचपीच्या आसपासच राहिली. बारा व्हॉल्व्हचं हेड आलेल्या पाच गिअरच्या ८०० ने मात्र ४५ गाठले. तेच ७९६ सीसी, तेच तीन सिलिंडर, इंजेक्शन दोन्हीकडे. फरक श्वासाचा होता.

मग इंजेक्शनने काहीच दिलं नाही का? दिलं, पण ते फारसं कुणी सांगत नाही. इंजेक्शनने मॅनिफोल्डला मोकळं केलं. कार्बोरेटरच्या गाडीत मॅनिफोल्डमधून ओलं मिश्रण वाहतं, हवेत तरंगणारे पेट्रोलचे थेंब. नळी लांब, रुंद आणि थंड असेल तर ते थेंब भिंतीला चिकटतात, वळणावर मागे राहतात, आणि एका सिलिंडरला रिच (जास्त पेट्रोलचं), दुसऱ्याला लीन (कमी पेट्रोलचं) मिश्रण मिळतं. म्हणून जुन्या मॅनिफोल्डच्या तळाशी मुद्दाम ऊब दिलेली असते, रेडिएटरच्या गरम पाण्याने किंवा एक्झॉस्टच्या उष्णतेने. नळ्या आखूड आणि चिंचोळ्या ठेवायच्या, म्हणजे हवेचा वेग टिकून थेंब तरंगत राहतात. आता विरोधाभास पाहा. गरम केलेली हवा विरळ असते, आणि चिंचोळी नळी चढ्या आरपीएमला घुसमटते. पेट्रोल नीट पोचावं म्हणून हवेचा बळी, असा तो सौदा होता. इंजेक्टर पेट्रोल थेट व्हॉल्व्हच्या तोंडाशी सोडतो, त्यामुळे मॅनिफोल्डमधून नुसती हवा जाते. ती थंड ठेवता येते. नळ्या सारख्या लांबीच्या, गुळगुळीत, हव्या तेवढ्या लांब करता येतात. जुन्याच मॅनिफोल्डच्या डोक्यावर कार्बोरेटरच्या जागी इंजेक्टरवाली थ्रॉटल बॉडी ठेवून जे रूपांतर केलं जातं, ते याच कारणाने मालकाची निराशा करतं. सकाळी गाडी चटकन सुरू होते, आयडलिंग सुधारतं, पण चढावर गाडी पूर्वीइतकीच रडते. ओलं मिश्रण अजूनही त्याच गरम, अरुंद वाटेने चाललेलं असतं.

नळीच्या लांबीबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण सगळी गंमत तिथे आहे. पिस्टन हवा खेचतो तेव्हा नळीत कमी दाबाची एक लाट उठते. ती ध्वनीच्या वेगाने मागे जाते, मॅनिफोल्डच्या मोठ्या कोठीशी पोचते आणि तिथून जास्त दाबाची होऊन परत येते. व्हॉल्व्ह मिटायच्या ऐन आधी ती पोचली तर थोडी जादा हवा आत कोंबली जाते. उशिरा पोचली तर बंद दारावर आपटते. हिशेब सोपा आहे. कोमट हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३५० मीटर जातो. व्हॉल्व्हपासून कोठीपर्यंत ३५ सेंटिमीटर अंतर असेल तर जाऊन-येऊन ७० सेंटिमीटर, म्हणजे २ मिलिसेकंद. इनटेक व्हॉल्व्ह क्रँकच्या साधारण २४० अंशांपर्यंत उघडा राहतो. ३,००० आरपीएमला हा वेळ १३ मिलिसेकंद, ६,००० ला जेमतेम साडेसहा; लाटेला लागणारा वेळ मात्र तोच. म्हणजे एकच नळी सगळ्या आरपीएमला सारखी लागू पडत नाही. लांब बासरी खालचा स्वर देते आणि आखूड बासरी वरचा, तसंच हे. लांब नळी खालच्या आरपीएमला पिकअप देते, आखूड नळी वरच्या टोकाला.

हे गणित नवं नाही. अमेरिकेत क्रायसलरने १९६० च्या ३००-एफ मोटारीत ३० इंच लांबीच्या मॅनिफोल्ड-नळ्या दिल्या होत्या, ताकद ३७५ हॉर्सपॉवर. शर्यतीच्या हौशी ग्राहकासाठी त्याच गाडीचा ४०० हॉर्सपॉवरचा प्रकारही होता. त्याचा मॅनिफोल्ड बाहेरून हुबेहूब तसाच दिसे. आतली दुभाजक भिंत अर्ध्यात काढून टाकलेली होती, त्यामुळे नळीची कामाची लांबी १५ इंचांवर आली होती. वरच्या टोकाला २५ घोडे वाढले, पण त्याची किंमत खालच्या आरपीएमच्या ओढीने मोजली. आणि हे सारं कार्बोरेटरवर, इंजेक्शनचा संबंध नसताना.

त्यामुळे मॅनिफोल्ड बदलण्याआधी मालकाने ठरवायचं ते हे, की गाडी कुठे चालणार. पिथमपूरला नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक जून २०२१ मध्ये खुला झाला. उज्जैनहून तो दोनेक तासांवर आहे. तिथे कंपन्या आपल्या गाड्या ताणून बघतात. तशा ठिकाणी गाडी सतत ६,००० आरपीएमला फिरणार असेल तर आखूड नळ्या आणि दर सिलिंडरला वेगळी थ्रॉटल बॉडी यांना अर्थ आहे. उज्जैनच्या देवास रोडवर, फ्रीगंजच्या गर्दीत किंवा इंदूरच्या वाटेवर इंजिन बहुतेक वेळ २,००० ते ३,५०० मध्येच असतं. तिथे तोच मॅनिफोल्ड गाडीची ओढ घालवेल. आवाज छान येईल हे मान्य. थ्रॉटल बॉडीच्या तोंडाशी लावायचे फिल्टर नसलेले चकचकीत भोंगे तर माळव्यात नकोच. काळ्या मातीची उन्हाळी धूळ सिलिंडरच्या भिंती घासायला फार काळ घेत नाही.

आता मोजमापाकडे. कार्बोरेटर ही फार हुशार कल्पना आहे. हवा जितक्या जोरात जाते तितकं पेट्रोल ती आपोआप ओढते, वीज लागत नाही, संगणक लागत नाही. पण तो हवेचं वजन जाणत नाही. उज्जैन समुद्रसपाटीपासून सुमारे ४९० मीटरवर आहे. जानेवारीच्या पहाटे तापमान ९ अंश असतं, मेच्या दुपारी ४२-४३. या दोन वेळांच्या हवेच्या घनतेत एक दशांशाहून जास्त फरक पडतो. कार्बोरेटरचं मिश्रण घनतेच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात बदलतं, त्यामुळे हिवाळ्यात जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारं भोक, नीट बसवलं तरी मे महिन्यात मिश्रण पाचेक टक्के रिच होतं. महूच्या पुढे विंध्याची धार उतरून महेश्वरला गेलं की ३०० मीटरहून अधिक उतार होतो आणि गणित पुन्हा हलतं. इंजेक्शनचा ईसीयू, म्हणजे त्याचा संगणक, मॅनिफोल्डमधला दाब आणि हवेचं तापमान बघतो, दर फेरीला हवेचा हिशेब करतो, आणि एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर त्याची चूक दाखवून देतो.

गेल्या दोन-तीन वर्षांत या फरकाला एक नवं कारण मिळालं आहे: पंपावरचं ई२०. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन आधीच असतो, त्याला किलोमागे सुमारे ९ किलोच हवा लागते. त्यामुळे २० टक्के इथेनॉलच्या मिश्रणाला १४.७ ऐवजी साधारण १३.५ किलो हवा हवी. शुद्ध पेट्रोलवर जेट बसवलेला कार्बोरेटर हे जाणत नाही. तो पूर्वीइतकंच इंधन सोडतो आणि मिश्रण सुमारे आठ टक्के लीन होतं. मे महिन्यात गरम हवेमुळे आलेला रिचपणा त्यातला बराच भाग झाकतो. जानेवारीत झाकणारं काही नसतं. त्यात इथेनॉल थंडीत कमी उडतं, म्हणून सकाळी चोक ओढून स्टार्टर रगडावा लागतो, आणि अर्ध्या थ्रॉटलला गाडी मिसिंग मारते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच म्हटलं आहे, की शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई१० साठी जुळवलेल्या मोटारींचा अ‍ॅव्हरेज ई२० वर ६ ते ७ टक्के घटेल. इथेनॉलमध्ये ऊर्जाच कमी असल्याने ही घट इंजेक्शनने भरून निघत नाही. पण लीन चालून व्हॉल्व्ह भाजण्याचा धोका ऑक्सिजन सेन्सरवाला ईसीयू टाळू शकतो. जुन्या गाडीत इंजेक्शन बसवण्याचं आजचं सर्वांत सबळ कारण मला हेच वाटतं, बीएचपी नव्हे.

इथे अनुभवी मेकॅनिक आडवा येतो आणि त्याचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. तो म्हणतो, कार्बोरेटर मी रस्त्याकडेला स्क्रूड्रायव्हरने उघडून साफ करतो, तुमचा ईसीयू आगर-माळव्याच्या वाटेवर बंद पडला तर कोण बघणार? खरं आहे. शिवाय वाईट रीतीने बसवलेलं इंजेक्शन चांगल्या कार्बोरेटरपेक्षा वाईट असतं, आणि बहुतेक वेळा ते वाईट रीतीनेच बसवलेलं असतं. एक उदाहरण जवळून बघू. ८५ बीएचपीचं चार सिलिंडरचं इंजिन ६,००० आरपीएमला मिनिटाला साधारण ४०० मिलिलिटर पेट्रोल पितं, म्हणजे दर इंजेक्टरमागे १०० मिलिलिटर. थोडी सवड धरून १३० चा इंजेक्टर पुरतो. हौशी माणूस ‘पुढे टर्बो लावू’ म्हणून ४४० चा आणतो. आयडलिंगला एका फवाऱ्यात पेट्रोल हवं असतं ०.००८ मिलिलिटर, एक इवलासा थेंब. १३० चा इंजेक्टर ते ३.७ मिलिसेकंदांत देतो, ४४० चा १.१ मध्ये. आता इंजेक्टर विजेवर उघडतो, आणि उघडायला त्याला किती वेळ लागतो हे बॅटरीच्या व्होल्टेजवर अवलंबून असतं. जुना अल्टरनेटर, हेडलाइट चालू, रेडिएटरचा पंखा सुरू झाला की व्होल्टेज पडतं आणि उघडण्यात ०.२ मिलिसेकंदांचा उशीर होतो. लहान इंजेक्टरवर ही चूक सुमारे ५ टक्के, मोठ्यावर १८ टक्के. सिग्नलला पंखा लागला की गाडी बंद पडते, आणि दोष मात्र ‘इंजेक्शन’ला मिळतो.

दुसरी गोष्ट जिवाशी आहे. कार्बोरेटरचा पंप पेट्रोल जेमतेम पाव बार दाबाने पाठवतो, इंजेक्शनला सुमारे ३ बार लागतात, बारापट. तीस वर्षं जुनी रबरी नळी आणि साधी क्लॅम्प हा दाब सोसत नाहीत, त्यात ई२० ने रबर आधीच मऊ पडलेलं असतं. गरम एक्झॉस्टवर उडालेली ३ बारची बारीक धार म्हणजे आग. टाकीपासून इंजेक्टरपर्यंत आणि परतीच्या वाटेवर योग्य प्रतीची नळी बदलायची नसेल, अपघातात पंप आपोआप बंद होण्याची सोय करायची नसेल, तर मेकॅनिकचंच ऐकावं आणि कार्बोरेटर ठेवावा.

म्हणून तांत्रिकदृष्ट्या मला सर्वांत शहाणपणाचा मार्ग वाटतो तो अगदीच बेचव आहे: त्याच इंजिनाच्या कुळातल्या नंतरच्या गाडीचा कंपनीचा पूर्ण संच. हेड, मॅनिफोल्ड, थ्रॉटल बॉडी, इंजेक्टर, सेन्सर, वायरिंग आणि ईसीयू, सगळं एकत्र. कंपनीच्या अभियंत्यांनी नळीची लांबी, इंजेक्टरचा आकार आणि ईसीयूमधले आकडे एकमेकांना जुळवून ठेवलेले असतात. सुटा ईसीयूही मिळतो, २००१ पासून हौशी लोक मेगास्क्वर्टसारखे संच स्वतः जोडून वापरत आले आहेत. पण त्यातले आकडे भरायला मिश्रण अचूक मोजणारा वाइडबँड सेन्सर, ताकद मोजणारा डायनो आणि चिकाटी लागते. पहिल्या दोन गोष्टी भाड्याने मिळतात.

आणि आता कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, की आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा कडक अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगीशिवायच्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. व्हिंटेज गाड्यांचे २०२१ चे नियम मदतीला येत नाहीत. त्यासाठी गाडी ५० वर्षांची हवी, म्हणजे १९९४ च्या एस्टीमला २०४४ पर्यंत थांबावं लागेल, आणि इंजिनात मोठा फेरफार झालेला नको. कुणी म्हणेल, बरोबरच आहे, गॅरेजात गाड्या उसवून जोडू दिल्या तर रस्त्यावर काय काय येईल. आवाजी सायलेन्सर आणि कापलेल्या चासी पाहिल्या की हा आक्षेप पटतो.

पण याच कायद्याने जुन्या पेट्रोल गाडीत सीएनजी किट बसवायला रीतसर वाट दिली आहे. किटला चाचणी संस्थेची मान्यता, बसवणाऱ्याला अधिकार, आरसीवर नोंद. आणि आजचं सिक्वेन्शियल सीएनजी किट म्हणजे काय? इंजेक्टर, दाबाचा सेन्सर आणि स्वतःचा ईसीयू. म्हणजे डिकीत २०० बार दाबाची टाकी ठेवून गॅसचं इंजेक्शन बसवणं कायदेशीर आहे, आणि ३ बारवर पेट्रोलचं इंजेक्शन बसवायला अर्ज कुठे करायचा हेच ठरलेलं नाही. जुनी गाडी भंगारात काढा, म्हणजे प्रदूषणाचा प्रश्न मिटला, असं म्हणणाऱ्यांनी पीयूसीची मर्यादा वाचावी. भारत स्टेज-२ च्या आधीच्या पेट्रोल मोटारीला आयडलिंगला ३ टक्के कार्बन मोनॉक्साइड चालतो, त्यानंतरच्या बीएस-२, बीएस-३ गाडीला ०.५ टक्के. ऑक्सिजन सेन्सर आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसह नीट बसवलेलं इंजेक्शन जुन्या इंजिनला या दुसऱ्या गटाजवळ नेऊ शकतं. जी गाडी रस्त्यावर राहणारच आहे, तिला सहापट सैल मर्यादेत ठेवण्यात कुणाचं हित आहे, हे मला कळत नाही. किटला मॉडेलनिहाय मान्यता, ठरावीक इंजेक्टर, कुलूपबंद ईसीयू आणि बसवल्यावर कडक पीयूसी-मर्यादा असा नियम करायला नवं तंत्र शोधायची गरज नाही. सीएनजीच्या नियमांचा सांगाडा तयार आहे, चाचणीसाठी पुण्याची एआरएआय आहे.

तसा नियम होईपर्यंत एस्टीमवाल्याला कायद्याच्या आत राहून करण्यासारखं बरंच आहे, आणि तेही हवेपासूनच सुरू होतं. एअर फिल्टरचं तोंड रेडिएटरमागच्या गरम हवेतून काढून ग्रिलजवळच्या थंड हवेत ठेवावं. मॅनिफोल्डच्या तळाशी फुटलेलं गॅस्केट बदलावं, कारण तिथून शिरणारी चोरटी हवा मिश्रण आणखी लीन करते. मुख्य जेट ई२० साठी एक पायरी मोठा घ्यावा, तो पीयूसीच्या यंत्रावर कार्बन मोनॉक्साइड बघून नक्की करावा, आणि इंधनाच्या नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या बसवाव्यात. हे काम कोणताही जुना कार्बोरेटर-मिस्त्री एका दिवसात करून देतो, आणि त्याची नोंद आरसीवर करावी लागत नाही.